हात लावायचा नाही

पहिला नियम हाच सांगितला कोया नावाच्या पोरानं,
लक्षद्वीपच्या एका जेटीवर, मोडक्या हिंदीत:
खाली कशालाही हात लावायचा नाही.
मी त्याच्याकडं बघत राहिलो.
सव्वीस वर्षं माझा धंदाच हात लावायचा.

मी दिनकर अंबी, प्रयाग चिखली.
बाप नाव चालवायचा. पूल झाला, नाव उलथी पडली,
आणि पोलीस घरी बोलवायला यायला लागले.
पंचगंगेत डोळ्यांचं काम नसतं.
दोन पुरुष खाली गेलं की पाणी काकवीसारखं.
डोळे मिटायचे, बोटांनी बघायचं:
ही बाभळीची मुळी,
हा मंडळाच्या देखाव्याचा लोखंडी सांगाडा,
हे टायर,
ही साडी, नुसतीच.
ही साडी नुसती नाही.

जिल्ह्यानं आम्हा चौघांना शिकायला पाठवलं.
पाठीवर सिलेंडर आवळला तेव्हा हसू आलं.
विहिरीत ढकलताना थोरल्यानं असाच बांधला होता
डालड्याचा डबा.
तो वर धरायचा. हा खाली नेतो.

खाली गेलो. सवयीनं डोळे मिटलेलेच.
कोयानं काचेवर टकटक केली.

आधी माझेच हात दिसले.
दहाही बोटं, नखांसकट, अंगठ्यावरचा कोयत्याचा वण,
पाण्यात, पहिल्यांदा.
मासे नंतर.

एक हिरवानिळा, पोपटाची चोच लावलेला,
प्रवाळ फोडून खात होता, आणि ते ऐकू येत होतं:
रंकाळ्याच्या कठड्यावर कुणी भडंग खावं तसं, कुरुम कुरुम.
वाळू होती तिथनंच एक पाकट उठला,
घोंगडं झटकावं तसा अंग झटकत गेला.
चांदीची बारकी पोरं हजारभर, एकदम वळली,
गंगावेशीतल्या म्हशी शीळ ऐकून वळतात तशी.
पण शीळ कुणी घातली?

मग दगडावर लांब, मऊ केस हलले.
छातीत धस्स.
माझा श्वास मलाच मोठ्यानं ऐकू आला.
जवळ गेलो तर त्या केसांत दोन केशरी मासे
आत-बाहेर, आत-बाहेर.
घर होतं त्यांचं.

आणि कासव.
देवळात दगडाचं असतं,
त्याला हात लावून कपाळाला लावायचा, मग आत.
हे पोहत आलं. मान वाकडी करून बघितलं माझ्याकडं,
नवा गिऱ्हाईक बघावा तसं.
हात गेलाच पुढं. मध्येच आठवलं.
मागं घेतला, तसाच रिकामा मास्कला लावला.

घरी आलो तर शालनचा पहिला सवाल:
"येवढं मासं बगितलासा,
येक तरी आणलासा का?"

परवा पहाटे फोन. शिवाजी पुलाखाली.
वडणग्याचा पोरगा, एकोणीस वर्षांचा.
उतरलो, या खेपेला डोळे उघडे ठेवून.
काही दिसलं नाही.
तरी मिटले नाहीत.
काकवी नुसती, आणि कुठंतरी वर, पिवळसर, सकाळ झालेली.
हातालाच लागला तो. मनगटावर घड्याळ, चालू.
जरा थांबलो.
"हात लावतो रं बाळा," म्हणायला गेलो,
तोंडात पाणी शिरलं.

घाटावर बाप बसलेला.
सगळे विचारतात तेच त्यानं विचारलं:
खाली कसं होतं?
इतकी वर्षं एकच उत्तर देत आलो,
काय दिसत न्हाई, मालक.
परवा म्हटलं, "निर्मळ हुतं.
पार तळापतुर ऊन."

त्यानं माझ्या हातांकडं बघितलं.
नखांत गाळ होता.
काही बोलला नाही.
मीही नाही पुसला.